गावात बसून लिव्हरपूलची जहाजं कशी पाहायची

मोबाइलवर जहाजं पाहायला कोणी बसलं की पहिल्या दिवशी बहुतेकांचं सारखंच होते, मरीनट्रॅफिक नाहीतर व्हेसलफाइंडर उघडलं, सगळा नकाशा रंगीत ठिपक्यांनी भरलेला, दोन-चार ठिपके दाबून पाहिले अन् पाच मिनिटांत ॲप बंद. तसं नका करू. एकच खाडी धरा. एका नदीचं तोंड, तिथले धक्के, तिथल्या भरतीचा टाइम, एवढं डोक्यात बसलं की कोणता ठिपका काहून थांबला अन् कोणता काहून पळून राहिला हे हळूहळू समजायला लागते.

मी तर म्हणतो मर्सी नदी धरा, इंग्लंडमधली, जिच्या तोंडावर लिव्हरपूल आहे. हुगळीही चांगली आहे, पण कलकत्ता समुद्रापासून लय आत, एक जहाज वर चढायला तासन् तास घेते, नवीन माणूस कंटाळून जाते. मर्सीचा मुख्य खेळ छोट्या टापूत होते. अन् आपल्या लोकांचा या नदीशी जुना संबंध आहे भाऊ. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी झाली, तिकडचा कापूस अडकला, तेव्हा वऱ्हाडाच्या कापसाला भाव आला. १८६९ ला सुएझ कालवा उघडला, १८७० ला खामगावची रेल्वे सुरू झाली. आपल्याकडच्या गाठी मुंबईहून बोटीनं निघायच्या अन् लिव्हरपूलला उतरून मँचेस्टरकडच्या गिरण्यांत जायच्या.

आता ॲपचं. जहाजावर एआयएस नावाचं यंत्र असते, ते रेडिओवरून जहाजाचं नाव, जागा, स्पीड, दिशा पाठवत राहते. परदेशी फेऱ्या करणाऱ्या ३०० ग्रॉस टनांच्या वरच्या जहाजांना अन् प्रवासी जहाजांना ते २००४ पासून सक्तीचं आहे. चालतं जहाज काही सेकंदाला सिग्नल टाकते, नांगरलेलं तीन-तीन मिनिटांनी. पण फुकटच्या ॲपमध्ये मागं-पुढं होते, म्हणून ठिपका दाबल्यावर "किती मिनिटांपूर्वीची जागा" हे आधी वाचा, नाहीतर जहाज धक्क्याला लागून गेलं अन् आपण खाडीच्या तोंडावर पाहत बसलो असं होते. मरीनट्रॅफिकवर हिरवं म्हणजे माल, लाल म्हणजे तेलाचे टँकर, निळं प्रवासी, फिकट निळे ते टग (मोठ्या जहाजाला ओढणाऱ्या-ढकलणाऱ्या छोट्या बोटी) अन् पायलट बोटी (पायलट म्हणजे जहाजाला बंदरात वाट दाखवणारा तिथला माहीतगार). बाण म्हणजे चालू, गोल ठिपका म्हणजे उभं.

जहाजाच्या नावावर जास्त भरोसा ठेवू नका, मालक बदलला की नाव बदलते, झेंडा बदलते. आयएमओ नंबर, म्हणजे जहाजाचा ओळख नंबर, लिहून ठेवा, सात आकडी, जन्मभर तोच. खरा आहे का तेही तपासता येते: पहिल्या सहा आकड्यांना ७, ६, ५, ४, ३, २ नं गुणा, बेरीज करा, बेरजेचा शेवटचा आकडा म्हणजे सातवा आकडा. मार्च २०२१ मध्ये सुएझमध्ये आडवं फसलेलं एव्हर गिव्हन आठवते का? त्याचा नंबर ९८११०००. ६३ अधिक ४८ अधिक ५ अधिक ४ म्हणजे १२०, शेवटी शून्य, जुळलं. गणितात रमणाऱ्या पोट्ट्यांना हे दाखवा, मोबाइल परत मिळणार नाही.

पण खरी गोष्ट भरतीची आहे, अन् ती ॲप ठळकपणे सांगत नाही. लिव्हरपूलला मोठ्या उधाणाला पाणी आठ-नऊ मीटर चढते-उतरते, कधी दहाच्या जवळ, म्हणजे दोन मजली घर बुडून परत उघडं पडावं एवढं, अन् हे दिवसातून दोनदा. ओहोटीला जहाज चिखलात बसायचं, म्हणून तर त्यांनी १७१५ मध्येच पाणी आत कोंडून धरणारा गेटाचा धक्का बांधला, व्यापारी जहाजांसाठी असा जगातला पहिला. आजही भरलेलं मोठं जहाज भरतीचा टाइम धरूनच आत येते.

अन् यात आपलं पंचांग उपयोगाचं आहे, खरंच. लिव्हरपूलला पुनवेच्या अन् अवसेच्या आसपास भरती ग्रीनिच टाइमनं दुपारी अकरा-बारा अन् मध्यरात्री अकरा-बाराच्या सुमारास येते. म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेचार ते सहाच्या मधात, अन् दुसरी पहाटे. तिथून रोज साधारण पाऊण तास ते तासभर उशीर होत जाते, अष्टमीच्या सुमारास आपली रात्रीचे दहा-अकरा वाजतात, पण तेव्हा पाण्याचा चढ निम्माच असते. ते लोक उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढं करतात, त्याच्याकडं पाहूच नका, चंद्राला घड्याळ नसते अन् आपलंही बदलत नाही. ज्याला रात्रीच्या लाइनीवर हरभऱ्याचं ओलित करावं लागते किंवा रोही-डुकरांसाठी जागलीला जावं लागते त्यानं अष्टमीचे दिवस धरावे. नक्की टाइम पाहिजे तर भरतीचं वेळापत्रक नेटवर फुकट आहे, लिव्हरपूल ग्लॅडस्टन डॉक असं शोधा.

नजर कुठं ठेवायची? पहिले वेल्सच्या वरच्या अंगाला अँग्लसी बेट शोधा, त्याच्या कोपऱ्यावर पॉइंट लायनस. तिथं गोल ठिपके जमलेले दिसले तर ती पायलटची नाहीतर भरतीची वाट पाहणारी मंडळी. इथली एक गोष्ट मात्र पुरा झूम करून पाहाच. मोठ्या जहाजाचा स्पीड हळूहळू कमी होते, तेवढ्यात किनाऱ्याकडून एक इवलासा फिकट निळा बाण सुसाट निघते, मोठ्याच्या बाजूला येऊन चिकटते अन् दोघांचा स्पीड सारखा होते. काही मिनिटं जोडीनं चालतात, मग छोटा वळून परत. पायलट दोरीच्या शिडीवरून वर चढला, हे आपल्याला दिसत नाही पण आकड्यांवरून समजते.

तिथून मग नदीच्या तोंडाकडे. कंटेनरवाले लिव्हरपूल-२ ला लागतात, हे टर्मिनल २०१६ मध्ये थेट नदीतच बांधलं, गेटातून आत जायची कटकट नाही. लाल टँकर समोरच्या काठाला ट्रॅनमियरला जातात, कच्चं तेल तिथं उतरते. टँकर जवळ आला की तीन-चार टग भोवती गोळा होतात, स्पीड एक नॉटच्या खाली येते अन् जहाजाचं तोंड जागच्या जागी फिरायला लागते. (एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर, बैलगाडीवालाही पुढं जाईल.) निळी बेलफास्टची फेरी बर्कनहेडकडून सुटते. अजून वर ईस्टहॅम, तिथून मँचेस्टरचा जहाज कालवा सुरू होते, ५८ किलोमीटर, १८९४ मध्ये उघडला, लिव्हरपूलच्या बंदराचे दर परवडेनात म्हणून मँचेस्टरवाल्यांनी सरळ समुद्रच आपल्या दारात आणला. आपल्या जिनिंगवाल्यांनी हा इतिहास वाचायसारखा आहे.

काही बारीक गोष्टी. डेस्टिनेशन हे जहाजावरचा माणूस हातानं टाइप करते, त्यामुळे जुनंच राहून जाते किंवा काहीही लिहिलेलं असते, जीबी एलआयव्ही दिसलं की लिव्हरपूल समजा. ड्राफ्ट म्हणजे जहाज पाण्यात किती मीटर बुडालेलं आहे, तोही हातानंच टाकलेला, पण येताना अन् जाताना दोन्ही वेळी लिहून ठेवला तर माल उतरवला का भरला याचा अंदाज लागते. नौदलाची जहाजं दिसली नाहीत तर घाबरू नका, ती बरेचदा यंत्र बंदच ठेवतात. टॉवर एक-दोन कांडीवर आला तर उपग्रहाचं चित्र बंद करून साधा नकाशा ठेवा, डेटा कमी जाते. अन् सगळ्या जहाजांचे अलर्ट लावू नका, मोबाइल रात्रभर टुंग टुंग करते अन् घरचे आपल्यालाच शेतात झोपायला पाठवतात, चार-पाच जहाजं निवडा तेवढीच.

सुरुवात येत्या पुनवेला करा. जेवण झालं की दुपारीच अँग्लसीजवळचे गोल ठिपके पाहून ठेवा, नावं लिहा, मग दर अर्ध्या तासानं एकदा उघडा. त्यातल्या कोणाचा बाण झाला, कोण तिथंच राहिलं, अन् जे राहिलं त्याचा ड्राफ्ट किती आहे ते पाहा.