मेळघाटात सायकल नेताय? या चुका टाळा

'गाड्या कमी असलेला रस्ता सांगा ना.' मेळघाटात सायकलवर जायचं ठरवलेला प्रत्येकजण मला आधी हेच विचारतो. मी उलट विचारतो, कोणत्या वारी आणि किती वाजता निघणार?

परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढायला दोन वाटा आहेत. एक धामणगाव गढी, मोथा अशी, दुसरी घटांगवरून. श्रावणातल्या रविवारी यातली कोणतीही घ्या, धुक्यात समोरून येणाऱ्या कारच्या दिव्यांखेरीज काही दिसत नाही आणि वळणावळणावर लोक मध्येच गाडी लावून फोटो काढत उभे असतात. त्याच मोथ्याच्या रस्त्यावर नोव्हेंबरातल्या मंगळवारी सकाळी चढा. एखादी एसटी, दोनचार दुधाच्या मोटारसायकली आणि कठड्यावर बसलेली वानरं, एवढीच वर्दळ. रस्ता निवडला आणि वार निवडला नाही, ही पहिली चूक. आमच्याकडे सगळ्यात जास्त लोक तीच करतात.

ऑक्टोबरचा मध्य ते फेब्रुवारी हा आपला काळ. त्यातही काही गोष्टी आधी बघून ठेवा. डिसेंबरच्या उत्तरार्धापासून साधारण महिनाभर बहिरमची यात्रा असते, तेव्हा परतवाडा ते बैतूल रस्त्याला सायकल नेऊ नका. रोडगे आणि वांग्याची भाजी खायला जायचं तर जरूर जा, पण एसटीने. संत्र्याचा आंबिया बहार, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडाशी येणारं पीक, तुटायला लागला की अचलपूर, चांदूर बाजार भागात भरलेल्या ट्रकांची ये-जा वाढते. परतवाड्याहून सेमाडोह, हरिसालवरून धारणीला जाणारा रस्ता नकाशावर जंगलातला दिसतो, पण तो मध्य प्रदेशात जाणारा वाहता रस्ता आहे. सेमाडोहपर्यंत सकाळच्या वेळात जाऊन यावं, दुपारी त्यावर राहू नये. खरी शांतता हवी असेल तर चिखलदऱ्याहून काटकुंभ, चुर्णीच्या अंगाला वळा. चढउतार अंग मोडणारे आहेत, पण तासभर एकही गाडी भेटत नाही.

आणि तिथेच बाकीच्या चुका महाग पडतात. रस्ता निवांत असतो म्हणजे मदतही लांब असते. मध्ये मोठ्या पट्ट्यात मोबाइलला रेंज नसते. गावात जी चूक दहा मिनिटांची, ती इथे मुक्काम चुकवते.

नकाशातली प्रत्येक रेघ रस्ता नसते

पायथ्याच्या गावांत मोबाइलचा नकाशा हमखास जवळची वाट दाखवतो. ती बहुतेक वेळा पांदण असते, म्हणजे शेतांमधून जाणारी बंडीची, बैलगाडीची कच्ची वाट. उन्हाळ्यात पांदणीसारखी सुंदर वाट नाही, दोन्ही बाजूंना बाभळी आणि मध्ये बंडीच्या चाकोऱ्या. पण अवकाळीची एक सर पडली की काळी माती चाकाला धरते. मी एकदा सहा किलोमीटर वाचवायला अशा पांदणीत शिरलो. दोनशे पावलांत चाक आणि मडगार्डमध्ये माती इतकी ठासली गेली की चाक फिरेना. सायकल खांद्यावर घेतली तर तिचं वजन दुप्पट झालेलं. तूरकाठीने माती उकरत बाहेर यायला दोन तास गेले.

अशा वेळी पेडल मारत राहू नका. जोर केला की मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग, चाकाच्या तारांत ओढला जाऊन मोडतो, आणि तो सुटा भाग परतवाड्यातही मिळेलच असं नाही. उतरा, काडीने माती काढा, मडगार्ड सुटत असेल तर काढून कॅरिअरला बांधा आणि आलात तसे डांबरीवर परत जा. पुढच्या नाल्याचं तर गावातच विचारावं. बांधावर बसलेला म्हातारा सांगतो, 'नाल्याले पाणी हाये जी, सायकल नाही जात.' तो म्हणाला नाही जात, म्हणजे नाही जात.

पंक्चर काढलं, काटा तसाच

इकडच्या प्रवासात सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक ही. पावसाळा सरला की रस्त्याच्या कडेचे सराटे वाळतात. हा काटा असा असतो की कसाही पडला तरी एक टोक वरच. शिवाय शेताच्या कुंपणाला बोराट्या आणि बाभळीच्या फांद्या लावतात. त्या बंडीतून नेताना वाटभर सांडतात. म्हणून पहिला नियम, समोरून गाडी आली म्हणून कडेच्या मातीत उतरायची सवय सोडा. रस्ता मोकळा असेल तर डांबरावर कडेपासून हातभर आत चालवा. थांबायचं झालं तर सायकल उचलून बाजूला घ्या, ढकलत नेऊ नका.

तरी पंक्चर होणारच. ट्यूब काढली, ठिगळ लावलं, हवा भरली आणि अर्ध्या किलोमीटरवर परत चाक बसलं, तर काटा टायरमध्येच आहे. बाभळीचा काटा बाहेरून तुटतो, आत तांदळाच्या कणीएवढं टोक राहतं. ते डोळ्यांना दिसत नाही आणि बोटाने शोधायला गेलं तर बोट फाटतं. त्यावर इथलाच उपाय आहे. वेचणीच्या दिवसांत बंड्यांमधला कापूस रस्त्याकडेच्या काट्यांना अडकलेला असतो. त्यातला बोळाभर घ्या आणि टायरच्या आतून हळूहळू गोल फिरवा. टोक असेल तिथे कापसाचा धागा अडकून ओढला जातो. तिथे आतून नखाने किंवा चिमट्याने टोक काढा. बोळा पुन्हा एक पूर्ण फेरा फिरवा, कारण सराट्याचे काटे जोडीने घुसतात.

ठिगळ सुटत असेल तर बहुतेक वेळा घाई नडलेली असते. ट्यूब पॉलिश पेपरने घासून पांढरट करा, सोल्यूशन पातळ लावा आणि त्याची ओली चमक जाईपर्यंत थांबा. चार-पाच मिनिटं. चिकट असताना ठिगळ दाबलं तर ते उन्हाने तापल्यावर सरकतं.

ट्यूब किमान दोन जास्तीच्या न्या. गावातल्या सायकल दुकानात 28 आणि 26 इंची साध्या सायकलींच्या ट्यूब मिळतात, पण त्यांचा वाल्व्ह जाड असतो. तुमच्या रिमला प्रेस्टाचं, म्हणजे गिअरच्या सायकलींना असतो त्या बारीक वाल्व्हचं, साडेसहा मिलिमीटरचं भोक असेल तर आठ मिलिमीटरचा वाल्व्ह त्यात जाणार नाही. दुकानाच्या पंपाने हवा भरायची तर प्रेस्टाला बसणारी पितळी टोपी लागते. ती पंक्चरच्या पिशवीत नको, वाल्व्हलाच लावून ठेवा. पिशवीतून ती पहिल्याच थांब्यावर गवतात पडते.

सपाटीचे गिअर घेऊन घाटात

परतवाडा समुद्रसपाटीपासून साधारण 370 मीटरवर आहे, चिखलदरा 1,118 मीटरवर. पुढे 42 आणि मागे 28 दातांचा गिअर असला तर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल सव्वातीन मीटरच्या आसपास जाते. मिनिटाला साठ फेरे ठेवायचे तर ताशी अकरा-बारा किलोमीटरने चढावं लागेल. सामान लादून ते होत नाही. मग माणूस उभा राहून दाबतो, गुडघा दुखतो, चेन उतरते. पुढे-मागे सारखे दात, म्हणजे 34 ला 34, असले की तेच साठ फेरे ताशी साडेसातला जमतात. एवढ्या वेगात माणूस गप्पा मारत घाट चढतो. निघण्याआधी मागची फ्रीव्हील, म्हणजे मागच्या दातेरी चकत्यांचा संच, बदलून घ्या, आणि मोठी फ्रीव्हील डिरेलरला पेलते का तेही दुकानात लावूनच बघा. मोबाइलवर उत्तर विचारून निघू नका.

मागच्या चाकाची तार तुटली तर तिचा तुकडा शेजारच्या तारेला गुंडाळा, चाक डुलत असेल तर रिमब्रेक थोडा सैल करा आणि सामानातलं जड ते पुढे हलवा. उतार पायी उतरा.

उतारावर ब्रेक धरून ठेवणं

घाट उतरताना सतत दाबून ठेवलेला ब्रेक तापतो. रिम इतकी गरम होते की बोट टेकवत नाही, आणि भरीला दुपारचं ऊन असलं तर ट्यूब फुटू शकते. वळणाआधी सरळ रस्त्यावर दोन्ही ब्रेक जोरात लावून वेग पाडा, मग सोडा, वळणात दाबू नका. वळणाच्या आतल्या बाजूला बारीक गिट्टी साचलेली असते. लिव्हर हँडलला टेकायला लागली की केबलच्या टोकाची गोल चकती दोन फेरे बाहेर फिरवा. तरी टेकत असेल तर रिमला घासणारे ब्रेकचे रबरी गुटके संपलेत. जाण्याच्या आठवड्यात एका दुकानाने माझे नवे गुटके उलटे बसवून दिले होते, ते मला पहिल्या तीव्र उतारावर कळलं. तेव्हापासून दुकानातून सायकल घेतली की आधी गल्लीत चार वेळा जोरात थांबवून बघतो.

पहाटे निघणं

सपाटीवर पहाटेची सवय चांगली. मेळघाटात उजाडल्यावर तासभर थांबा आणि सूर्य टेकायच्या तासभर आधी मुक्कामाला पोहोचा. वाघाची भीती सगळ्यांना असते, मी अस्वलाला जास्त मानतो. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं पडायला लागली की ती खायला अस्वल पहाटे झाडाखाली येतं. ते खाली मान घालून खात असतं, त्याला दिसतं कमी. मोटारसायकल लांबून ऐकू येते, सायकलचा आवाजच नसतो. वळण संपलं आणि दहा हातांवर अस्वल, हा प्रसंग सायकलवाल्यावरच येतो, आणि दचकलेलं अस्वल अंगावर येतं. म्हणून पुढचं दिसत नाही अशा प्रत्येक वळणाआधी घंटी वाजवा, मोठ्याने बोला. दिसलंच तर थांबा, सायकल त्याच्या आणि तुमच्या मध्ये ठेवून पाठ न फिरवता मागे सरका. फोटो काढू नका. डांबरी सोडून जंगलातल्या कच्च्या वाटांवर वनखात्याच्या परवानगीशिवाय शिरूच नका. हा व्याघ्र प्रकल्प आहे, नाक्यावर विचारलं की काय चालतं ते सरळ सांगतात.

पाणी दोन बाटल्यांपेक्षा जास्त ठेवा आणि गाव दिसलं की हापशीवर भरून घ्या, पुढचं गाव किती लांब आहे याचा विचार नंतर. आणि होळीच्या दिवसांत गेलात तर खिशात सुटे पैसे असू द्या. इथल्या कोरकू आदिवासींचा हा सगळ्यात मोठा सण, कामाला बाहेर गेलेली माणसं त्यासाठी परत येतात. मुलं रस्त्यात दोरी धरून फगवा, म्हणजे होळीचे पैसे, मागतात. तिथे सायकल बाजूने काढून पळू नये. उतरावं, दहा रुपये द्यावेत, नाव विचारावं. पुढच्या हापशीचा पत्ता तीच मुलं सांगतात.