लाइन तुटेल हे धरून केलेली आखणी: अनेक शाखांच्या कंपनीसाठी सर्व्हर आणि डिरेक्टरी

अनेक शाखांच्या कंपनीचे नेटवर्क आखायला बसले की मालकांचा पहिला प्रश्न ‘सर्व्हर किती घ्यायचे?’ असा असतो, आणि त्याचे उत्तर त्या बैठकीत देऊ नये. आधी कागदावर शाखांची नावे लिहावीत आणि प्रत्येक नावापुढे हे नोंदवावे: या शाखेची इंटरनेटची लाइन दुपारी बाराला तुटली आणि संध्याकाळपर्यंत आली नाही, तर कोणते काम अडेल, आणि ते अडलेले कंपनीला परवडेल का? पुढचे बहुतेक निर्णय या कागदावरूनच ठरतात. शाखेत माणसे किती, हा मुद्दा त्यानंतर येतो.

समजा, एक बियाणे कंपनी आहे. मुख्य कार्यालय छत्रपती संभाजीनगरला, प्रक्रिया केंद्र आणि मोठे गोदाम जालन्याला, विक्री कार्यालये लातूर आणि नांदेडला, आणि परभणी व बीड येथे पाच-सहा माणसांचे डेपो. या धंद्याचा खरा जोर मृगाच्या आधीच्या तीन-चार आठवड्यांत असतो. गाड्या रात्री भरल्या जातात, चलन निघाल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर पडत नाही. नेमक्या त्याच दिवसांत वळवाच्या पावसात लाईट जाते आणि पावसाळ्याआधी रस्ता उरकायच्या घाईत असलेला जेसीबी फायबर तोडतो. म्हणून जालन्याचे गोदाम लाइनशिवाय चालले पाहिजे, लातूर आणि नांदेड काही तास कसेबसे चालले तरी पुरे, आणि डेपोंना फक्त चलन छापता आले पाहिजे, असे तीन स्तर या उदाहरणात पडतात.

डिरेक्टरीसाठी, म्हणजे कंपनीतली खाती, संगणक आणि अधिकार यांची नोंदवही असलेल्या मायक्रोसॉफ्टच्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीसाठी, एक फॉरेस्ट (सर्वांत वरची चौकट) आणि त्यात एकच डोमेन (एकत्र सांभाळला जाणारा खाती-संगणकांचा गट) ठेवावे. दर शाखेला स्वतंत्र डोमेन करण्याचा मोह काही सल्लागारांना होतो, परंतु तीनशे-चारशे माणसांच्या कंपनीत त्यातून फक्त देखभाल वाढते. शाखानिहाय अधिकार द्यायचे असतील तर ऑर्गनायझेशनल युनिट, म्हणजे डोमेनमधला उपगट, पुरेसे असते. लातूरच्या व्यवस्थापकाला आपल्या शाखेतल्यांचे पासवर्ड बदलण्यापुरता अधिकार त्यातून देता येतो. डोमेनचे नाव कंपनीने नोंदवलेल्या इंटरनेट डोमेनचे उपडोमेन असावे. ‘लोकल’ने संपणारे नाव टाळावे, कारण तेच नाव मल्टिकास्ट डीएनएस (एकाच जाळ्यातली उपकरणे एकमेकांना नावाने शोधतात ती पद्धत) वापरते आणि मग काही प्रिंटर व ॲपलची उपकरणे गोंधळतात. नावांत शहरही घालू नये. २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले, तेव्हा ज्यांच्या सर्व्हरच्या आणि शेअरच्या (सामायिक फोल्डरच्या) नावांत जुनी आद्याक्षरे होती त्यांच्याकडे ती अजून तशीच आहेत. शाखांना क्रमांक द्यावेत. क्रमांकाचे नामांतर होत नाही.

हाच क्रमांक आयपी पत्त्यातही वापरावा. मुख्य कार्यालय १०.१.०.०, जालना १०.२.०.०, लातूर १०.३.०.० असे ठेवले की पत्ता पाहताच शाखा ओळखू येते. घरगुती राउटरमध्ये आधीच बसवलेले १९२.१६८.०.० आणि १९२.१६८.१.० हे पत्त्यांचे पट्टे टाळावेत, नाहीतर घरून व्हीपीएन (इंटरनेटवरून कार्यालयापर्यंतची सुरक्षित खासगी जोडणी) जोडणाऱ्या माणसाचे घरचे जाळे आणि कार्यालयाचे जाळे एकमेकांवर चढते. प्रत्येक पट्टा ॲक्टिव्ह डिरेक्टरीच्या ‘साइट्स अँड सर्व्हिसेस’मध्ये त्याच्या साइटला (शाखेच्या नोंदीला) जोडणे मात्र हमखास राहून जाते. पट्टा जोडलेला नसेल तर जालन्यातला संगणक शेजारचा डोमेन कंट्रोलर (डिरेक्टरीची प्रत ठेवणारा आणि लॉगिन तपासणारा सर्व्हर) सोडून भलत्याच शाखेतल्या कंट्रोलरकडे लॉगिन मागतो, आणि सकाळी ‘संगणक स्लो आहे’ अशी तक्रार येते. साइट लिंकवर, म्हणजे दोन साइटमधल्या जोडणीवर, रेप्लिकेशनचे (कंट्रोलरांच्या प्रती एकमेकींशी जुळवण्याचे) मूळ अंतर १८० मिनिटांचे असते. ते १५ मिनिटांवर आणावे, त्याहून खाली ते जात नाही. मूळ अंतर तसेच ठेवले, तर मुख्य कार्यालयात बंद केलेले खाते शाखेत तीन तासांपर्यंत चालू राहू शकते.

आता डोमेन कंट्रोलर. मुख्य कार्यालयात दोन, आणि तेही दोन वेगळ्या यंत्रांवर. एकाच यंत्रावर दोन आभासी सर्व्हर करून ‘आपल्याकडे दोन आहेत’ असे मानण्यात अर्थ नाही. विंडोज सर्व्हर स्टँडर्डचा परवाना प्रोसेसरच्या गाभ्यांवर (कोअरवर) मोजला जातो, किमान १६ गाभ्यांचा घ्यावा लागतो आणि त्यात दोन आभासी सर्व्हर चालवता येतात, त्यामुळे एका यंत्रावर एक डोमेन कंट्रोलर आणि एक फाइल सर्व्हर अशी मांडणी खर्चात बसते. वापरणाऱ्यांचे कॅल (सर्व्हर वापरण्याचे) परवाने वेगळे असतात, ते अंदाजपत्रकात आधीच धरावेत. डोमेन कंट्रोलरवर टॅली, अँटिव्हायरसचा कन्सोल किंवा हजेरीचे सॉफ्टवेअर टाकू नये.

जालन्याला तिसरा कंट्रोलर ठेवावा. गोदामातली खोली कुलूपबंद नसेल, हमाल-चालकांची ये-जा असेल, तर तिथे रीड-ओन्ली प्रकारचा ठेवावा. विंडोज सर्व्हर २००८ पासून मिळणारा हा प्रकार मुळात कोणाचेही पासवर्ड साठवत नाही. ज्यांचे साठवायचे त्यांची यादी आपण द्यायची. यंत्र चोरीला गेले तरी त्या यादीतल्या खात्यांचेच पासवर्ड बदलावे लागतात. या यादीत लोक माणसांची खाती घालतात आणि संगणकांची खाती विसरतात, मग लाइन तुटल्यावर यादीतल्या माणसालाही लॉगिन मिळत नाही.

परभणी आणि बीडला सर्व्हर नकोच. विंडोज संगणक आधी लॉगिन केलेल्या शेवटच्या १० जणांची माहिती मूळ सेटिंगनुसार स्वतःकडे राखून ठेवतो, त्यामुळे रोजच्या माणसांना लाइनशिवायही संगणक उघडता येतो. डेपोतल्या कोपऱ्यात पोत्यांशेजारी धूळ खात पडलेला सर्व्हर सांभाळण्यापेक्षा तो नसलेला बरा, हे माझे मत आहे.

डीएनएसवर, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या सेवेवर, सर्वाधिक वेळ द्यावा, कारण ॲक्टिव्ह डिरेक्टरीचे निम्मे आजार तिथूनच सुरू होतात. शाखेतल्या संगणकाला डीएनएस म्हणून फक्त डोमेन कंट्रोलरचेच पत्ते द्यावेत. पहिल्याच कामात मी ‘इंटरनेट बंद पडू नये’ म्हणून दुसरा पत्ता गूगलचा, ८.८.८.८ असा दिला होता. परिणाम असा झाला की दिवसातून दोन-तीनदा कुठला तरी संगणक डोमेन सापडत नसल्याचे सांगे आणि पुन्हा सुरू केला की ठीक होई. पहिला पत्ता क्षणभर उशिरा उत्तर देताच संगणक दुसऱ्याकडे वळत होता, आणि गूगलला आमच्या आतल्या डोमेनची माहिती असण्याचे कारणच नव्हते. हा दोष शोधायला मला आठवडा लागला. डेपोंत याची उलटी अडचण येते: डीएनएस फक्त मुख्य कार्यालयात असेल तर व्हीपीएन तुटताच डेपोचे चालू इंटरनेटही बंद पडल्यासारखे वाटते. तिथे राउटरच डीएनएस करावा आणि कंपनीच्या डोमेनचे प्रश्न तेवढे मुख्य कार्यालयाकडे, बाकीचे थेट इंटरनेटकडे पाठवण्याची सोय असलेला राउटर घ्यावा.

शाखा जोडण्यासाठी आयपीसेक प्रकारचा (सांकेतिक केलेला) व्हीपीएन पुरेसा आहे, पण मुख्य कार्यालयाच्या जोडणीला स्थिर आयपी मागून घ्यावा. स्वस्त जोडण्यांत अनेकदा एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो आणि मग बाहेरून आत येणारी जोडणी बांधता येत नाही. दोन कंपन्यांच्या लाइन घेतल्या तरी दोन्ही फायबर एकाच खांबावरून येत नाहीत ना, हे स्वतः रस्त्यावर जाऊन बघावे. लातूर आणि नांदेडला दुसरी लाइन म्हणून मोबाइल सिमचा राउटर चालतो. टॅलीचा डेटा व्हीपीएनवरून शेअर करून उघडू नये: फार संथ चालतो, आणि मध्येच लाइन गेली तर डेटा बिघडण्याची भीती असते. तो मुख्य कार्यालयातच ठेवून शाखांनी रिमोट डेस्कटॉपने (दूरचा संगणक आपल्या पडद्यावर उघडून) वापरावा, आणि रिमोट डेस्कटॉपचे ३३८९ पोर्ट इंटरनेटवर उघडे ठेवू नये, ते व्हीपीएनच्या आतच राहावे.

घड्याळाकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. केर्बेरॉस, म्हणजे डिरेक्टरीची ओळख तपासण्याची पद्धत, मूळ सेटिंगनुसार घड्याळांत पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक सहन करत नाही. एका शाखेत मे महिन्यात रात्रभर लाईट नव्हती, यूपीएस संपला, आणि सकाळी सर्व्हर सुरू झाला तो काही वर्षे मागचे वर्ष घेऊन, कारण मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला होता. मुख्य कार्यालयाशी रेप्लिकेशन थांबले, शेअर उघडेनात, आणि आम्ही दुपारपर्यंत केबल तपासत बसलो. सेल वीस-तीस रुपयांचा होता. तेव्हापासून वर्षातून एकदा सेल बदलणे हे देखभालीच्या यादीत आहे. वेळेची साखळी पीडीसी एम्युलेटर ही भूमिका सांभाळणाऱ्या कंट्रोलरपासून सुरू होते. त्याला बाहेरचा वेळ-सर्व्हर द्यावा, आणि तो आभासी असेल तर तो ज्यावर चालतो त्या यजमान यंत्राकडून वेळ घेणे बंद करावे. सर्ट-इन या देशाच्या सायबर-सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार वेळ एनआयसी (राष्ट्रीय माहितीविज्ञान केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या) वेळ-सर्व्हरशी, अथवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी जुळवायची असते आणि लॉग (यंत्रांतल्या घडामोडींच्या नोंदी) १८० दिवस ठेवायचे असतात. लॉगसाठीची डिस्क त्या हिशेबाने घ्यावी.

बॅकअप घेताना डोमेन कंट्रोलरची सिस्टिम स्टेट (डिरेक्टरीसह यंत्रणेच्या मुख्य नोंदी) घ्यावी, निव्वळ आभासी यंत्राच्या स्नॅपशॉटवर (त्या क्षणाच्या प्रतीवर) विसंबू नये. टूम्बस्टोनची, म्हणजे पुसलेल्या नोंदींच्या खुणा ठेवण्याची, मुदत साधारणपणे १८० दिवसांची असते. त्याहून जुना बॅकअप वापरता येत नाही, आणि तितके दिवस बंद राहिलेला कंट्रोलर पुन्हा जाळ्यात जोडू नये. बॅकअपचे यंत्र डोमेनच्या बाहेर ठेवावे, म्हणजे डोमेनचा मुख्य पासवर्ड चोराच्या हाती लागला तरी तो त्याच पासवर्डने बॅकअप पुसू शकणार नाही. डिरेक्टरी पुन्हा उभी करण्यासाठी लागणारा रिस्टोअर मोडचा पासवर्ड पाकिटात घालून मालकांच्या कपाटात ठेवावा. तो बदलला की पाकीटही बदलावे.

सगळे उभे राहिल्यावर एप्रिलमध्ये, हंगाम सुरू होण्याआधी, प्रत्येक शाखेत जाऊन लाइनची तार स्वतः उपसावी आणि दोन तास नुसते बघत बसावे. पहिल्या कागदावर जे लिहिले होते ते आणि प्रत्यक्षात जे अडले ते यांत फरक सापडतोच. डेपोत असे करताना बहुधा हेच दिसते, की संगणक उघडतो, चलनाचा तक्ता स्थानिक प्रतीतून भरता येतो, पण छपाई होत नाही, कारण टेबलावरच्या प्रिंटरची रांग मुख्य कार्यालयातल्या प्रिंट सर्व्हरवर बांधलेली असते. तो प्रिंटर त्याच दिवशी थेट आयपीवर जोडून, तार उपसलेली असतानाच एक चलन छापून घ्यावे.