लिकांकाबुरच्या चढाईची तयारी

बोलिव्हिया आणि चिली यांच्या सीमेवरचा ५,९१६ मीटर उंचीचा लिकांकाबुर हा निद्रिस्त ज्वालामुखी दुरून धान्याच्या राशीसारखा रेखीव दिसतो. लिखित इतिहासात त्याच्या उद्रेकाची नोंद नाही आणि नेहमीच्या वाटेवर दोर लावून कातळ चढण्याचा प्रसंगही सहसा येत नाही. तरीही अनेकांना अर्ध्यातून परतावे लागते, आणि त्याचे कारण डोंगरापेक्षा पायथ्याशी नेणाऱ्या रस्त्यात अधिक आहे.

चिलीतील सान पेद्रो दे आताकामा हे गाव सुमारे २,४०० मीटरवर आहे. तेथून निघालेली गाडी तासाभरात हितो काहोन या सीमानाक्यावर पोहोचते, म्हणजे शरीराला कळण्याआधीच दोन हजार मीटर उंची वाढलेली असते. त्याच रात्री सुमारे ४,३०० मीटरवरील लागुना व्हेर्दे सरोवराच्या परिसरात मुक्काम करून, शरीर विरळ हवेला सरावलेले नसतानाच पहाटे चढाईस निघणे हा सर्वांत मोठा धोका होय. तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरहून अधिक वाढवू नये, हा गिर्यारोहणातील सर्वमान्य संकेत येथे काटेकोरपणे पाळावा. सान पेद्रोहून यायचे असल्यास आधी एल तातियोच्या उष्ण फवाऱ्यांसारखी उंच ठिकाणे दिवसा पाहून रात्री खाली उतरावे. मात्र मला बोलिव्हियातील उयुनीकडून येण्याचा मार्ग अधिक सुज्ञपणाचा वाटतो, कारण ते गावच सुमारे ३,६५० मीटरवर असल्याने तेथे काही रात्री काढून टप्प्याटप्प्याने वर सरकता येते. डोकेदुखी आणि मळमळ ही उंचीच्या त्रासाची लक्षणे वाढत गेल्यास पुढे चढू नये. तोल जाऊ लागला, बोलणे असंबद्ध झाले किंवा बसल्या जागी धाप लागली, तर सकाळची वाट न पाहता तत्काळ खाली उतरावे.

चढाई बोलिव्हियाच्या बाजूने, स्थानिक वाटाड्या बरोबर घेऊनच करावी. चिलीच्या बाजूला १९७० च्या दशकात भूसुरुंग पेरले गेले होते. चिलीने २०२० मध्ये देशातील सुरुंग काढण्याचे काम पूर्ण झाल्याचे जाहीर केले असले, तरी रुळलेली वाट बोलिव्हियाचीच आहे. जानेवारी-फेब्रुवारीतील पावसाळी वादळे टाळावीत, आणि जून ते ऑगस्ट हा तेथील हिवाळा असल्याने त्या काळात कडाक्याची थंडी आणि बोचरे वारे गृहीत धरावेत.

थंडीचे कपडे सर्वांनाच सुचतात, उन्हाकडे मात्र दुर्लक्ष होते. याच डोंगरावर २००३ च्या डिसेंबरात अतिनील निर्देशांक, म्हणजे उन्हातील त्वचा भाजणाऱ्या किरणांच्या तीव्रतेचे माप, ४३ च्या वर नोंदवला गेला होता, आणि अकरापासून पुढची पातळीच अतितीव्र मानली जाते. तेव्हा बाजूंनी बंद असलेला गडद चष्मा, ओठांचे मलम आणि चेहरा झाकणारे कापड यांत कसर करू नये.

मध्यरात्रीनंतर दोन-तीनच्या सुमारास निघावे. वाट जवळजवळ सगळीच भुरभुरीत घसाऱ्याची, म्हणजे पायाखाली सरकणाऱ्या सुट्या दगडमातीची, असून दोन पावले चढावे आणि एक पाऊल घसरावे असा प्रकार असतो, म्हणून काठ्या, घोट्यापर्यंतचे बूट आणि खडे आत जाऊ न देणारे गेटर (बुटांवरून पोटरीभोवती बांधायचे आवरण) हवेतच. बोलता येईल इतक्याच वेगाने चालले, तर माथ्यास पाच ते सात तास लागतात. माथ्यावरच्या विवरात जगातील सर्वांत उंच सरोवरांपैकी एक असून ते वर्षाचा बराच काळ गोठलेले असते. मंगळावरील प्राचीन सरोवरांशी साम्य असल्याने शास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केला आहे. विवराच्या काठाशी इंका काळातील दगडी भिंतींचे अवशेष आहेत. त्यांतला दगडही हलवू नये, आडोशासाठीसुद्धा नाही.

दुपारी वारा वाढतो, त्यामुळे माथा दिसत असला तरी वाटाड्याशी आधी ठरवलेल्या वेळेला मागे फिरावे. उतरताना हाच घसारा सोयीचा ठरतो, पण एकाखाली एक न चालता तिरकी रांग धरावी, म्हणजे वरून सुटलेला दगड खालच्याच्या अंगावर जाणार नाही. लागुना व्हेर्देच्या पाण्यात आर्सेनिक आहे. पिण्याचे सारे पाणी बरोबरच न्यावे.