पॉवर स्टीअरिंगचे होज बदलताय? या चुका टाळा

होज, म्हणजे स्टीअरिंगचं ऑइल नेणारे पाइप, बदलणं वाचायला सोपं वाटतं, दोन नट सोडायचे, दोन लावायचे, झालं. पण इंजिनच्या मागे जिथे धड हात जात नाही तिथे हेच काम डोकं फिरवतं, आणि कंटाळून घाई केली की नुकसान ठरलेलं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे जे टोक हाताशी आहे तिथला नट आधी फुल टाइट करणं. मग होज वळत नाही, रॅककडचं, म्हणजे चाकं वळवणाऱ्या यंत्रणेकडचं, टोक तिरकं बसतं, आपण पाना लावून जोर देतो आणि आटे जातात. रॅकचे आटे गेले तर खर्च होजवर थांबत नाही हे लक्षात घ्या. म्हणून दोन्ही नट आधी नुसत्या बोटांनी तीन-चार आटे बसेपर्यंत फिरवा, होज एक्झॉस्टला किंवा बेल्टला लागत नाही ना बघा, जुन्या क्लिपा होत्या तिथेच लावा, आणि मग टाइट करा. वरून जमतच नसेल तर गाडी जॅक स्टँडवर घेऊन चाक आणि आतलं प्लॅस्टिक कव्हर काढा, बऱ्याच गाड्यांत तिथून सरळ हात जातो.

नट सोडताना साधा पाना वापरू नका, घसरून नट गोल होतो. फ्लेअर नटचा पाना घ्या, तो नटाला जास्त बाजूंनी धरतो.

आता ओ-रिंग, म्हणजे जोडावरची रबरी सील रिंग. जुना होज काढला की त्याची रिंग कधीकधी पोर्टमध्येच, म्हणजे होज बसतो त्या भोकातच, चिकटून राहते, काळी आणि तेलकट असल्यामुळे ती पोर्टचाच भाग वाटते, आणि तिच्यावर नवीन रिंग बसवली की गळती सुरू. टॉर्च मारून बघा, बारीक हुकने काढा पण पोर्टला ओरखडा पडू देऊ नका. नवीन रिंगला स्टीअरिंगचंच ऑइल लावा. आट्यांवर टेफ्लॉन टेप अजिबात नको, इथे सील रिंगमुळे होतं, आट्यांमुळे नाही, आणि टेपचे तुकडे आत गेले तर व्हॉल्व्हमध्ये अडकतात.

प्रेशर लाइनला (पंपाकडून रॅककडे जाणारा होज) साधा रबरी पाइप आणि क्लॅम्प लावून भागवू नका, प्लीज. स्टीअरिंग पूर्ण वळवलं की तिथे 70 बारच्या वर प्रेशर जाऊ शकतं आणि गरम एक्झॉस्टवर ऑइल उडालं तर आग लागू शकते. गळती शोधतानाही चालू इंजिनमध्ये बोट फिरवू नका, बारीक चिळकांडी कातडीच्या आत घुसते, पुठ्ठा धरून बघा.

ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच घाला, काही गाड्यांना एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) चालतं, काहींना नाही. हवा काढायला पुढची चाकं उचलून इंजिन बंद ठेवून स्टीअरिंग हळूहळू या टोकापासून त्या टोकापर्यंत पंधरा-वीस वेळा फिरवा आणि मधेमधे ऑइलच्या डबीतली लेव्हल बघत रहा. लगेच स्टार्ट केलं तर ऑइलचा फेस होतो आणि पंप कोरडा फिरतो.

एवढं करूनही घूंऽऽ असा आवाज येतोय, ऑइल दुधाळ दिसतंय, पण थेंबभरही गळत नाही? तर डबीतून पंपाकडे जाणारा जाड होज बघा. तिथे प्रेशर नसतं, खेच असते, त्यामुळे क्लॅम्प ढिला असेल तर ऑइल बाहेर न येता हवा आत जाते. नुसतं ऑइल भरत राहून हा आवाज जात नाही, क्लॅम्प नवीन लावा आणि हवा पुन्हा काढा.