चार इंची पाइपातली ‘उरलेली जागा’: डक्टच्या कामात नव्यानं येणाऱ्यांसाठी

डक्टच्या, म्हणजे जमिनीखाली केबल ज्यातून नेतात त्या प्लॅस्टिकच्या नळ्यांच्या कामाला लागून मला नऊ वर्षं झाली. तरी हडपसरकडच्या त्या चेंबरवरची (केबलच्या कामासाठी उतरायचा खड्डा) रात्र आठवली की अजून पोटात गोळा येतो. डिप्लोमा संपवून नुकतेच साइटवर आला असाल तर हे शेवटपर्यंत वाचा. दोन शब्द आधी सांगून ठेवतो: डीडब्ल्यूसी म्हणजे दुहेरी भिंतीचा नालीदार पाइप, आणि ब्लोइंग म्हणजे हवेच्या जोरावर डक्टमध्ये फायबर सोडणं.

दोन चेंबरमधलं अंतर साधारण १८० मीटर, मध्ये नाल्याच्या कडेनं एक वळण. पाइप डीडब्ल्यूसी १२०/१०३.५ (बाहेरचा आणि आतला व्यास, मिलिमीटरमध्ये), म्हणजे आतून जेमतेम चार इंच. त्या वेळी एकच फायबर हवी होती. आम्ही ४०/३३चा एक नारिंगी डक्ट ओढला, त्यात फायबर ब्लो केली आणि पुढच्या कामासाठी पाइपात एक दोरी सोडून ठेवली. ‘बाकीची जागा नंतर वापरू’, असं वरिष्ठ म्हणाले. मीही मान डोलावली. चेंबरमध्ये उतरून बघितलं तर पाइप तीन चतुर्थांश रिकामा दिसत होता, मग शंका कशाला येईल?

चौदा महिन्यांनी कॅमेऱ्यांच्या फायबरसाठी आणि सिग्नलच्या केबलसाठी आणखी दोन डक्ट हवे झाले. रात्रीची परवानगी मिळाली, दोरीला नवा डक्ट बांधला आणि विंच (दोरी ओढायचं यंत्र) सुरू केलं. साठेक मीटर गेला आणि अडकला. दोरी तारेसारखी ताठ. मागे घेतला, पुन्हा ओढला, तिसऱ्या ओढीला दोरी तुटली. हाती आलेला तुकडा मी टॉर्चखाली धरला. दोरीच्या पिळात नारिंगी प्लॅस्टिकचा कीस अडकलेला होता, खोबरं किसल्यासारखा. म्हणजे आमची दोरी जुन्या डक्टला करवतीसारखी कापत होती, आणि त्या डक्टमध्ये चालू फायबर होती. मी तिथेच काम थांबवलं.

असं का झालं ते नीट समजून घ्या, कारण हे ड्रॉइंगमध्ये कधीच दिसत नाही. डक्ट कॉइलमधून येतो आणि त्या गोलाईचा बाक त्याच्या अंगात मुरलेला असतो. पाइपात एकटा टाकला की तो सरळ झोपत नाही. नागमोडी पडतो, इथे तळाला तर दहा मीटरवर छताला टेकलेला. सोबतची दोरी त्याच्या कधी वरून, कधी खालून जाते आणि वेढे पडतात. दोरी ओढली की ती सरळ व्हायला बघते आणि प्रत्येक वेढा आवळला जातो. विहिरीवर दोर खुंटाला गुंडाळून जड बादली एका हातानं धरतात, तेच इथे आपल्या विरुद्ध होतं. घर्षणांक ०.३ धरला तर एका पूर्ण वेढ्यानं लागणारा जोर साधारण साडेसहा पट होतो. दोन वेढे पडले तर त्याच्याही साडेसहा पट, म्हणजे चाळीसच्या वर. वळणावरचं घर्षण वेगळंच. विंच मोठं आणून हे सुटत नाही. दोरी तरी तुटते, नाहीतर डक्ट चिरतो. उरलेली जागा डोळ्याला दिसते, पण ती सलग नसते.

म्हणून पाइपातली जागा वाटून घ्यायची असेल तर पहिल्याच दिवशी, आणि सगळे डक्ट एकाच वेळी. तीन कॉइल शेजारी लावा, तिन्ही टोकं एका दोरीला पण थोडी मागेपुढे बांधा, मध्ये स्विव्हल (दोरीचा पीळ डक्टपर्यंत जाऊ न देणारी फिरती कडी) घाला आणि एकदम ओढा. आज केबल एकच असली तरी तीन डक्ट टाका. दोन रिकाम्या डक्टचा खर्च मालकाला खुपतो, तेव्हा त्याला खोदाईचा हिशेब दाखवा. आम्हाला शेवटी वळणावर खोदावंच लागलं. पुण्यात बऱ्याच ठिकाणी थोडा मुरूम गेला की काळा पाषाण लागतो, मग ब्रेकर आलं. वर रस्ता पूर्ववत करण्याचं शुल्क. आणि पावसाळ्याच्या तोंडावर महापालिका खोदाई बंद करते, त्यात सापडलात तर काम दिवाळीकडे गेलंच म्हणून समजा.

चार का नाहीत, असं विचाराल. ४० मिलिमीटरचे तीन डक्ट एकत्र धरले की जुडगा ८६ मिलिमीटरचा होतो, चारांचा जवळपास ९७. आतला व्यास १०३.५. कागदावर चार बसतात. पण पाइप मातीखाली थोडा चपटतो, सांध्याला गाळ साचतो, वळणावर डक्ट एकमेकांवर चढतात, आणि सात मिलिमीटरची सवड तिथेच संपते. क्षेत्रफळाच्या टक्केवारीवर विसंबू नका. चार डक्टनी फक्त ६० टक्के पाइप भरतो असं गणित सांगतं, आणि खरं तर तो भरलेला असतो. चार भाग हवेच असतील तर ३२ मिलिमीटरचे घ्या, जुडगा ७७वर येतो.

पाइपात आधीच केबल पडलेली असेल तर सगळं संपलं असं नाही. कापडी इनरडक्ट मिळतात, तीन कप्प्यांची चपटी पट्टी. ती जुन्या केबलच्या अंगावरून सरकते आणि जागा कमी खाते. त्यात केबल ओढावी लागते, हवेनं ब्लो होत नाही, हे मात्र आधी सांगून ठेवा.

विजेची केबल यात आणू नका. फायबरला विजेचा त्रास नाही, मग एकाच पाइपात काय हरकत, असं कोणीतरी म्हणेलच. फायबरला त्रास नसला तरी तिला आर्मर (संरक्षक कवच) असेल तर त्यात बहुधा पोलाद असतं आणि चेंबरमध्ये उतरणारा माणूस फायबरचा असतो, विजेचा नव्हे. तांब्याच्या केबलमध्ये तर गुणगुण येतेच. विजेला स्वतंत्र पाइप आणि स्वतंत्र चेंबर, यात मी तडजोड करत नाही.

साबणाच्या पाण्याचा उपायही तुम्हाला कोणीतरी सांगेल. मला त्याचा मनापासून राग आहे. डिटर्जंटनं ताणाखालच्या एचडीपीईला, म्हणजे डक्टच्या प्लॅस्टिकला, भेगा पडू शकतात. डक्टसाठी बनवलेलं वंगण आणा, पैसे मागायला लाजू नका. आणि शिकायचं कोणाकडून, तर ज्यानं स्वतः दोरी ओढली आहे त्याच्याकडून. आमच्या मुकादमांनी त्या रात्री विंच लावण्याआधीच सांगितलं होतं, “साहेब, दोरी हाताला फिरल्यासारखी लागतेय.” मला त्याचा अर्थ कळला नाही. आता दोरीला आधी मी स्वतः हात लावतो.

पहिल्या वर्षी असलं काहीतरी तुमच्याही हातून होईल. घाबरू नका, पण लपवूही नका. मी कीस लागलेला तुकडा सकाळीच साहेबांपुढे ठेवला. बोलणी खाल्ली, पण जुना डक्ट वेळेवर तपासला गेला आणि फायबर वाचली.

ओढून झाल्यावर डक्ट लगेच कापू नका. दुपारच्या उन्हात तापलेला आणि ताणलेला १८० मीटरचा डक्ट जमिनीत गार होताना पंधरा अंश उतरला तर अर्ध्या मीटरच्या आसपास आखडतो. चेंबरच्या भिंतीला लागून कापलात तर सकाळी टोक पाइपात गेलेलं असतं आणि हात पोचत नाही. दोन्हीकडे मीटरभर जास्त सोडा, एंड प्लग (टोकाचं बूच) लावा, कापायचं दुसऱ्या दिवशी. नोंदीत प्रत्येक डक्टचा रंग लिहा, ‘वरचा डावा’ असं लिहू नका. डक्ट वाटेत पिळतात. या चेंबरमधला वरचा डावा पुढच्यात खालचा उजवा होऊन येतो, आणि ब्लोइंगवाला तुमची नोंद वाचून दुसऱ्याच डक्टमध्ये हवा सोडतो.