इमारत चांगली आहे का, हे स्वतः कसे तपासावे

आपल्या कोल्हापुरात अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव आपण भक्तीने पाहतो, पण बांधकामाच्या नजरेनेही तो पाहण्यासारखा आहे. ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर या दिवसांत मावळतीची किरणे महाद्वारातून आत येतात. पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत. वास्तूकडून काय हवे ते ठरलेले, कधी बघायचे ते ठरलेले, आणि किरण कुठवर पोहोचले हे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. वाटेत एखादे बांधकाम आडवे आले तर तेही लगेच कळते.

आपला फ्लॅट, मुलांची शाळा, गल्लीतला दवाखाना, सगळ्या इमारती अशाच तपासता येतात. त्यासाठी आर्किटेक्ट असावे लागत नाही. वही, टेप आणि थोडी चिकाटी पुरे.

आधी लिहून काढा, मग बघायला जा

इमारतीत कोण, कोणत्या वेळी, काय करणार हे एका पानावर लिहा. आजी दिवसभर घरात असते, तिला दुपारी तीनला खोली थंड हवी. आई सकाळी सहाला स्वयंपाकघरात असते, तिला दिवा न लावता उजेड हवा. हे पान आधी तयार नसेल तर सॅम्पल फ्लॅटमधला पडदा आणि झुंबर बघूनच मत बनते. माझा हा आग्रह थोडा कडक वाटेल, पण पुढची सगळी तपासणी या पानावरच उभी असते.

एकाच इमारतीत तीनदा जा

एप्रिलमधल्या भर दुपारी, जुलैच्या मुसळधार पावसात आणि संध्याकाळी सातला. दुपारी पश्चिमेच्या भिंतीला आतून हात लावा. वरच्या मजल्यावर स्लॅबखाली पाच मिनिटे नुसते उभे राहा, गच्चीवर पांढरा लेप किंवा चायना मोझॅक (पांढऱ्या टाइल्सच्या तुकड्यांची फरशी) आहे की नाही ते अंगालाच कळते. संध्याकाळी पार्किंग, जिन्यातला उजेड आणि बाहेरचा आवाज बघा. पावसातली फेरी कुणी मारत नाही, आणि आपल्या गावात तीच सर्वांत महत्त्वाची.

पाण्याची परीक्षा

ओल कुठे आहे यावरून कारण ओळखता येते. छतावर डाग असेल तर गच्ची किंवा वरचे बाथरूम. खिडकीच्या खाली पोपडे असतील तर छज्जा तोकडा आहे किंवा खिडकीच्या कट्ट्याचा उतार आत आला आहे. जमिनीपासून दोनेक फुटांपर्यंत पट्टा असेल तर पाणी इमारतीच्या पायातून वर चढते आहे, आणि ते नुसत्या रंगाने थांबत नाही. छज्जाच्या खालच्या कडेला बोटभर खाच आहे का ते बघा. ती नसेल तर पागोळीचे पाणी सरळ खाली न पडता भिंतीवर ओघळते. बाथरूममध्ये एक बादली पाणी ओता आणि थांबा. आमच्या पहिल्या घरात ते जाळीकडे न जाता दाराकडे यायचे. बिल्डरच्या माणसाने फरशी बसवताना उतार बघितलाच नव्हता, आणि आम्हीही ताबा घेताना बादली ओतली नव्हती. त्या चुकीपायी अख्खी फरशी उखडावी लागली.

मग पुराचा प्रश्न. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले होते. म्हणून शाहूपुरी, दुधाळी, नागाळा पार्क अशा भागांत इमारत बघताना त्या दोन्ही वर्षी पाणी कुठवर आले ते शेजाऱ्यांना विचारा, भिंतीवरची खूण दाखवायला सांगा. जागा निळ्या (वारंवार येणाऱ्या पुराच्या) किंवा लाल (क्वचित येणाऱ्या मोठ्या पुराच्या) पूररेषेत येते का ते महापालिकेच्या नकाशावर बघा. मग इमारतीतच तीन गोष्टी शोधा: विजेचे मीटर त्या खुणेच्या वर आहेत का, लिफ्टची मशिनरी कुठे आहे, आणि पिण्याच्या पाण्याची टाकी जमिनीखाली असेल तर तिचे झाकण कितपत घट्ट आहे. २०१९ मध्ये उपसा केंद्रे बुडाल्यामुळे शहराचे नळ बंद पडले होते, तेव्हा इमारतीची स्वतःची विहीर किंवा बोअर आहे का हेही विचारा.

उजेड, वारा, जिना

सकाळी अकराला सगळे दिवे बंद करून खोलीच्या आतल्या कोपऱ्यात वर्तमानपत्र वाचून बघा. दमट-उष्ण हवेसाठी राष्ट्रीय इमारत संहिता खिडक्यांचे क्षेत्र खोलीच्या किमान एक षष्ठांश धरते. १० बाय १२ च्या खोलीला म्हणजे २० चौरस फूट. सरकती खिडकी असेल तर एका वेळी निम्मीच उघडते, म्हणजे वाऱ्याचा हिशेब निम्माच धरा. खिडकीशी उदबत्ती लावा. धूर समोरच्या दारातून निघून गेला तर हवा खेळते, तिथेच घुटमळला तर पंखा बारा महिने चालणार.

जिन्याची पायरी मोजा: घरासाठी उंची १९ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, पाऊल ठेवायला किमान २५ सेंटिमीटर हवे. सगळ्या पायऱ्या सारख्या उंचीच्या आहेत का, हे त्याहून महत्त्वाचे. एखादीच कमी-जास्त असली की म्हातारी माणसे तिथेच पडतात.

भेगा

प्रत्येक भेग धोक्याची नसते. भिंत आणि बीम जुळतात तिथली बारीक सरळ रेघ बहुधा गिलाव्याची असते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली भेग लक्षात ठेवा: तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख घाला, तीन महिन्यांनी पुन्हा बघा. कॉलमवर उभी भेग आणि तिच्यातून तांबूस गंज दिसत असेल तर वाट न बघता स्ट्रक्चरल इंजिनियरला बोलवा. आपल्या भागाने १९६७ चा कोयनेचा भूकंप पाहिला आहे.

वीजबिल आणि वापरणारी माणसे

बारा महिन्यांची बिले घ्या, सगळी युनिट्स मिळवा आणि घराच्या चौरस मीटरने भागा. १०० चौरस मीटरच्या घरात वर्षाला १८०० युनिट्स जळत असतील तर आकडा १८ येतो. त्याच इमारतीतल्या दुसऱ्या मजल्याचा आणि सगळ्यात वरच्या मजल्याचा आकडा शेजारी ठेवला की छताचा दोष उघडा पडतो. राहणाऱ्यांच्या सवयी वेगळ्या असतात, म्हणून किमान चार घरांची बिले बघा.

मग माणसांशी बोला. झाडलोट करणाऱ्या मावशींना विचारा पाणी कुठे साचते, वॉचमनला विचारा कोणता दिवा नेहमी जातो. 'घर आवडले का' असे विचारले तर सगळे हो म्हणतात. 'कोणती खोली तुम्ही वापरतच नाही' असे विचारा.

दिसणे

दिसण्याचे मत शेवटी बनवा. आपला टाऊन हॉल बघा, १८८४ साली पुरा झालेला न्यू पॅलेस बघा. दोन्हींचा आराखडा ब्रिटिश वास्तुकार चार्ल्स मँट यांचा. इतके पावसाळे खाऊनही तो दगड अजून रुबाबदार दिसतो. नव्या इमारतीच्या दर्शनी भागाबद्दल मी एवढेच बघतो: तो धुता येतो का आणि दुरुस्तीला माणूस पोहोचतो का.

सापडलेले दोष लेखी द्या

घर घेणाऱ्यांच्या संरक्षणासाठी असलेल्या रेरा कायद्यानुसार ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांच्या आत रचनेतला किंवा कारागिरीतला दोष कळवला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत विनामोबदला दुरुस्त करायचा असतो. फोनवर सांगून सोडू नका. फोटो, तारीख, खोलीचे नाव आणि भोगवटा प्रमाणपत्राची (इमारत वापरायला परवानगी दिल्याच्या महापालिकेच्या दाखल्याची) प्रत जोडून पत्र द्या, पोच घ्या, आणि पुढच्या पावसात त्याच जागी पुन्हा जाऊन बघा.