दोन रात्रींसाठी हॉटेल शोधताना

आधी हॉटेल नाही, नकाशा उघडा. बघायची ठरवलेली ठिकाणं गूगल मॅप्सवर एकेक करून सेव्ह करा. पाच-सहा खुणा पडल्या की त्यांचा घोळका कुठे जमतोय ते लगेच दिसतं. मुक्काम त्याच्या आसपास, नाहीतर तिकडे थेट जाणाऱ्या मेट्रो किंवा बसच्या थांब्याजवळ. बुकिंग साइटवरचं ‘मध्यवर्ती भागापासून दीड किलोमीटर’ फार मनावर घेऊ नका. ते अंतर बऱ्याचदा सरळ रेषेत मोजलेलं असतं. मध्ये नदी किंवा रेल्वेलाइन आली की पायपीट कुठल्या कुठे जाते. त्यापेक्षा स्टेशनपासून हॉटेलच्या दारापर्यंतचा चालायचा रस्ता मॅप्समध्ये टाका आणि स्ट्रीट व्ह्यूमध्ये, म्हणजे त्यातल्या रस्त्याच्या फोटोंमध्ये, नजरेखालून घाला. फुटपाथ आहे का, चढ किती, पायऱ्या लागतात का, चाकांची बॅग ओढत नेता येईल का.

लांबचं हॉटेल स्वस्त दिसतं खरं, पण रोजचं गाडीभाडं आणि जाण्यायेण्यात जाणारा वेळ त्यात धरा. आठवडाभर राहायचं असेल तर गोष्ट वेगळी.

रिव्ह्यू ‘नवीन आधी’ लावून तीन स्टारवाले वाचा. पाचवाले भारावलेले असतात, एकवाले चिडलेले. गजबजलेल्या रस्त्यावर राहणार असाल तर मागच्या बाजूची खोली मागून घ्या.

रात्री उशिरा पोहोचणार असाल तर रिसेप्शन किती वाजेपर्यंत चालू असतं ते आधीच विचारा. खोली सोडल्यावर सामान ठेवू देतात का, हेही. परतीची गाडी संध्याकाळची असेल तर शेवटचा अर्धा दिवस त्यावरच अवलंबून असतो.